पाटावरची तलवार

माझ्या लग्नात अंतरपाट सरला तेव्हा समोरच्या पाटावर एक तलवार उभी होती. तिला मुंडावळ्या बांधल्या होत्या, मुठीला लाल शेला गुंडाळला होता, आणि ती पडू नये म्हणून माझ्या चुलत सासऱ्यांनी मागून धरून ठेवली होती. भटजी म्हणाले, हार घाला. मी घातला. तो मुठीवरून घसरून पाटावर पडला, आणि माझा थोरला भाऊ नाथाजी मागून म्हणाला, "दाजींनी मान लवकर खाली घातली गं."

मांडव हसला, मीही हसले. नवरा मोहिमेवर होता. पुढं सिंहस्थ लागणार म्हणजे वर्षभर लग्नं बंद, आणि मला सोळावं सरत आलेलं. आमच्या लोकांत अशा वेळी नवऱ्याऐवजी त्याची तलवार बोलावतात. तिच्याशी लागलेलं लग्न खरंच धरतात. मंगळसूत्र खरं, कुंकू खरं, आणि पुढं काही झालं तर वैधव्यही खरं. नवऱ्याचं तोंड मी पाहिलं नव्हतं. सिदोजी, एवढं नाव ठाऊक होतं. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण माझं सगळंच करून झालं आहे, आता नावाची कसली लाज.

रिवाजाप्रमाणं तलवार चार दिवस आमच्या घरी राहिली. तिला लावून उरलेली हळद मला लावली होती. पात्याच्या टोकाशी बेलाचं पान कोरलेलं होतं, तीन दळांचं, आणि हळद त्या रेघांत जाऊन बसली होती. मी पदरानं पुसली, बाभळीच्या काट्यानं टोकरली, ती निघेना. दुसऱ्या मुली नवऱ्याचं तोंड न्याहाळतात, मी ते पान बोटानं गिरवत बसायचे. नाथाजी जाता येता विचारायचा, दाजी जेवले का, दाजींना ऊन लागतंय का. पाचव्या दिवशी चुलत सासरे तलवार घेऊन परतले. शेला आणि माझा पदर यांची मारलेली गाठ त्यांनी कापून बरोबर नेली. पाऊस सरला की मुलीला न्यायला मूळ पाठवतो, म्हणाले.

मूळ आलं नाही. पाऊस सरेपर्यंत राज्याच्या गाद्या दोन झाल्या होत्या, एक साताऱ्याची आणि एक करवीरची. मध्ये वारणा. अलीकडचे आम्ही साताऱ्याचे, पलीकडचे माझे सासरचे करवीरचे. कालपर्यंत ज्यांच्यात सोयरीक होती त्यांच्यात कापाकापी सुरू झाली, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी स्वामिनिष्ठा. मी मात्र ना धड माहेरची राहिले, ना सासरची झाले.

माघातल्या एका धुक्याच्या सकाळी नदीच्या उताराला चकमक झाली. नाथाजी ठाण्याच्या नाइकाबरोबर गेला होता. दुपारी त्याला घोड्यावर आडवा घालून आणला. आईनं ऊर बडवून घेतला. आबा ओट्यावर बसले ते उठलेच नाहीत. घोड्याचं खोगीर उतरवायला कुणाचे हात होईनात, म्हणून मी उतरवलं. पुढच्या लाकडात पात्याचं मोडकं टोक रुतून बसलं होतं, चार बोटांएवढं. वार नाथाजीच्या मांडीतून निघून लाकडात शिरला होता. मी टोक हलवून हलवून काढलं आणि धुतलं. बेलाचं पान होतं. दोन दळं पुरी, तिसरं मोडलेलं. रेघांत माझी हळद होती.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आबांनी त्याच दिवशी माझं कुंकू पुसून संबंध तोडला असता, आणि मग सिदोजी माझ्या हाताला कधीच लागला नसता. मला तो हाताला लागायला हवा होता. ते टोक चिंधीत गुंडाळून मी कमरेला खोचलं, आणि रोज सकाळी भावाच्या मारेकऱ्याच्या नावाचं कुंकू लावत राहिले. आई शेजारणींना सांगायची, पोरीनं फार सोसलं. सोसत कोण होतं? मी वाट बघत होते.

आमच्या नदीत एक बेट आहे, त्यावर डोहाईचं देऊळ. देवी दोन्ही काठांची. गाद्या दोन झाल्या, पण देवीचे दोन तुकडे कोण करणार? चैत्रातल्या जत्रेला दोन्हीकडची माणसं यायची आणि हत्यारं आपापल्या काठावर ठेवून नावेत बसायची. बेटावर साधी सुरीसुद्धा नेता येत नसे. त्या वर्षीही जत्रा भरली. मी काकूबरोबर गेले. काकू खणांच्या पालात घासाघीस करत होती आणि मी शेजारी कासाराच्या पालात हात पुढं करून बसले होते. कुणीतरी येऊन माझ्या बाजूला उकिडवं बसलं.

"कासारदादा, हिरवा भरा," तो म्हणाला. "आन घट्ट भरा. उतरता कामा नये."

मी हात मागं ओढला. त्यानं पागोटं काढलं, त्याच्या घडीतून एक लाल कापडाचा तुकडा काढून तळहातावर ठेवला. माझ्या पदराची आणि शेल्याची गाठ होती ती. हळदीनं पिवळी पडलेली.

"चुलत्यानं लांबनं तुला दाखवली. माझी म्हणशील तर एवढीच वळख हाय माझ्याकडं," तो म्हणाला. "तोंड दाखवून काय उपेग, ते तू कुठं बघितलंयस?"

उन्हानं रापलेला, पंचविशीच्या आतला, आणि बोलताना माझ्याऐवजी बांगड्यांकडं बघणारा. मला तो आवडला. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून इथं सरळ सांगून टाकते. मनात आलं, हा असा असेल असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात मी बसले होते तशी जरा हलले आणि कमरेचं टोक चिंधीतून टोचलं.

मग त्यानं आपण होऊनच नाथाजीचा विषय काढला. म्हणाला, मी त्या वेळी पन्हाळ्यावर होतो, मला चार दिवसांनी कळलं, आणि तेव्हापासून घरचं अन्न गोड लागत नाही. खोटं बोलणारा अडखळतो असं ऐकलं होतं. हा अडखळला नाही. म्हणजे चांगला मुरलेला दिसतो, मी मनाशी म्हटलं. पुरावा कमरेला असताना त्याच्या शब्दाची मला गरज नव्हती. उलट आवडला होता म्हणून मला त्याचा जास्तच राग आला.

"मी तुला न्यायला येऊ?" त्यानं विचारलं. "वाजतगाजत न्हाई जमायचं. एकटाच येईन. कुठं जायचं ते आत्ता इचारू नगंस, पर उपाशी ठेवणार न्हाई."

"परवा सकाळी," मी म्हटलं. "जांभळीच्या उताराला. म्हशी पाण्यात घालतात त्या वक्ताला."

माझा आवाज मलाच नवा वाटला, इतका शांत होता. तो इतका वेळ बांगड्यांकडं बघत होता, तो एकदाच माझ्याकडं बघून हसला आणि उठून गेला. कासारानं हिरवा चुडा भरला. घट्ट होता, शेवटची बांगडी चढताना फुटली. कासार म्हणाला, फुटली म्हणू नये बाई, वाढवली म्हणावं.

संध्याकाळी मी आडावर ठाण्याच्या नाइकाला गाठलं. बुबाजी नाईक नाथाजीच्या शेजारी लढलेला. त्याला वाचवता आलं नाही म्हणून तेव्हापासून आमच्या दारासमोरून जाताना तो मान वर करत नसे. मी सांगितलं, परवा सकाळी जांभळीच्या उताराला करवीरचा एक स्वार एकटा उतरेल, नाथादादाला मारणारा तोच. त्यानं विचारलं, तुला कुणी सांगितलं. मी म्हटलं, जत्रेत ऐकलं. त्यानं नाव विचारलं.

"नाव कशाला पायजे?" मी म्हटलं.

त्यानं माझ्या हातातल्या नव्या चुड्याकडं पाहिलं.

त्या सकाळी मी उताराला गेले. जायचं नव्हतं, तरी गेले. म्हशी पाण्यात होत्या. पलीकडून एक स्वार उतरला, घोड्यावर बरंच ओझं लादलेलं. नदीच्या मध्यावर आल्यावर त्याला जांभळीखाली मी दिसले आणि त्यानं हात वर केला. लव्हाळ्यातून नाइकाची माणसं उठली तरी त्याचा हात खाली आला नाही. दोन भाले लागले. त्यानं तलवारीला हातही घातला नाही.

मला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलंसुद्धा, दोन श्वासांपुरतं. माणसांनी त्याला वाळूवर ओढून आणलं, तेव्हा मी कमरेची चिंधी सोडत पुढं गेले. मोडकं टोक त्याच्या पात्याला लावून सगळ्यांना दाखवायचं होतं. मी म्यान धरलं आणि तलवार उपसली.

ती अखंड होती. टोकापर्यंत. कुठं पान नाही, कोरीव काम नाही, मुठीचं कातडं हातानं झिजून काळं पडलेलं. रोजच्या वापरातली साधी तलवार होती. मी ती उलटी केली, सुलटी केली. आणि मग मला कळलं. माझं लग्न लागलं त्या दिवशी हा मोहिमेवर होता. मोहिमेवरच्या माणसाची तलवार त्याच्या कमरेलाच असणार. ती माझ्यासमोर पाटावर कशी येईल? मांडवात दोनशे माणसं जेवली, एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. आणि मी तर चार दिवस ती तलवार घेऊन बसले होते.

नाईक घोड्याचं ओझं सोडत होता. दोन घोंगडी निघाली, एक पितळी परात निघाली, मग तवा. तवा हातात धरून तो माझ्याकडं बघत राहिला.

"पोरी," तो म्हणाला, "लढायला येणारा तवा घेऊन येतो व्हय?"

आबा आले, पागोट्यातली गाठ पाहून मेलेला कोण ते त्यांना कळलं. दैव म्हणाले आणि खाली बसले. माझा चुडा दगडावर फोडावा लागला. उतरत नव्हता.

पलीकडं निरोप गेला. दुपारपर्यंत माझे थोरले दीर हैबतराव चार माणसं घेऊन प्रेत न्यायला आले. भांडायला आलो नाही याची खूण म्हणून त्यांनी तलवार उपसून वाळूवर ठेवली. तिचं टोक नव्हतं. मोडल्या जागी बेलाचं अर्धं दळ तेवढं उरलं होतं.

"ही कुणाची?" मी विचारलं. दिराशी मी असं समोरासमोर बोलू नये, पण त्या दिवशी कोण कुणाला शिकवणार?

"माझी," हैबतराव म्हणाले. "तुझ्या लग्नाला हीच धाडली हुती. मी तापानं पडलेलो, म्हणून ही रिकामी हुती."

मी चिंधीतलं टोक काढून वाळूवर त्या पात्याला जोडून ठेवलं. बसलं. हैबतरावांनी ते पाहिलं आणि हळूहळू पागोटं काढून हातात घेतलं.

"धुक्यात तोंड दिसलं न्हाई," ते म्हणाले. "नाथाजी हुता ते घरी गेल्यावर कळलं. सिदूला सांगितलं, त्या दिवसापासनं त्यो माझ्याशी बोलला न्हाई. काल भांडी बांधली तवा पयल्यांदा त्वांड उघडलं. कुठं जातोस म्हटलं, तर म्हणाला, बायको न्हेईल तिकडं."

आबांना आता सगळं कळलं. मुलाचा मारेकरी चार हातांवर उभा, आणि त्याची तलवार जमिनीवर. आबांचा हात कमरेला गेला. मी तो धरला. वार केला असता तर हैबतराव एकदाच मेले असते, आणि ते मला पुरणारं नव्हतं. मला कुणावर तरी सूड हवा होता, आणि जिच्यावर घ्यायला हवा होता ती मीच होते. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. म्हणून मी हैबतराव निवडले.

"ऱ्हाऊ द्या, आबा," मी म्हटलं. "मी सासरी निघाले."

मोडकं टोक मी उचलून परत कमरेला खोचलं. नवऱ्याचं प्रेत पुढं, त्याचा घोडा मागं आणि घोड्यामागं मी, अशी माझी वरात नदी उतरून गेली.

त्या घरात मी तीस वर्षं हैबतरावांचं ताट वाढलं. दुसऱ्या कुणाला वाढू दिलं नाही. सिदोजीनं आणलेल्या तव्यावर भाकरी भाजायची, पांढऱ्या कपाळानं समोर जायचं, वाढायचं आणि ते उठेपर्यंत तिथंच उभं राहायचं. ते मान खाली घालून जेवायचे. तीस वर्षांत त्यांनी माझ्याकडं दुसरी भाकरी मागितली नाही. दसऱ्याला शस्त्रं मांडली की मी कमरेचं टोक काढून त्या तलवारीपुढं ठेवायची आणि पूजा झाली की परत घ्यायची. घरातल्या पोरांना वाटे, काकीचा काही नवस असेल. जावा म्हणत, धाकली बाई देवमाणूस आहे, दिराची किती सेवा करते. भाऊ माझ्यामुळं घर सोडून निघाला आणि मेला, हे हैबतरावांना मी एक दिवस विसरू दिलं नाही. जांभळीच्या उताराची खबर कुणी दिली, ते मी कधी बोलले नाही. तेवढ्या एका गोष्टीवर माझा सगळा डोलारा उभा होता.

दोन गाद्यांचा तह झाला, वारणा हद्द ठरली, माणसं पुन्हा सोयरिकी जुळवू लागली. पुढं काही वर्षांनी हैबतराव अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी पेज घेऊन गेले, तेव्हा त्यांनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं.

"गोजराबाई," ते म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं. "त्या दिवशी परेत घोड्यावर घालताना बुबाजी नाईक माझ्या कानाशी लागला. म्हणाला, आमच्यावर राग धरू नका, पोरीनंच दिशा दिली."

पेजेचं भांडं माझ्या हातात होतं. ते मी खाली ठेवलं.

"तुम्हाला त्या दिवसापासनं ठावं हुतं?"

"नदी उतरायच्या आधी."

"मग मला घरात कशाला आणलंत?"

"तू ज्यासाठी आलीस त्याचसाठी." त्यांना दम लागला, थांबले. "मी मान खाली घालून जेवायचो ते लाजेनं, असं वाटत आलं तुला. मी तुझे हात बघत हुतो. ताट ठेवताना थरथरायचे. तीस वरसं. एक दिवस चुकला न्हाई."

मी माझ्या हातांकडं पाहिलं. खरं सांगते, ते थरथरतात हे मला ठाऊकच नव्हतं.

माणूस वैऱ्याला जितकं ओळखतो तितकं घरच्यांना ओळखत नाही. त्या घरात मला ओळखणारे तेवढे एकच होते, आणि ते चालले होते. मग ते म्हणाले, भाकरी खायची आहे, पेज नको. मी चुलीवर तवा ठेवला आणि दोन भाकऱ्या भाजल्या. त्यांनी पहिलीतला एक तुकडा कसाबसा गिळला. दुसरी मागितली नाही. मीच ताटात ठेवली. या खेपेला ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

ते तिसऱ्या दिवशी गेले. वर्ष सरलं, आणि घरात त्यांच्या नातवाचं लग्न निघालं. नातू दूर उत्तरेत मोहिमेवर, मुहूर्त लांबवता येईना. तेव्हा ठरलं, तलवार पाठवायची. लोहाराकडून टोक घासून नीट करून आणलेली तीच तलवार कारभाऱ्यानं लाल शेल्यात गुंडाळली. चार बोटं आखूड आहे, पण मांडवात कोण मोजतंय, म्हणाला. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले.

"मुलीला एक निरोप सांग," मी म्हटलं. "म्हणावं, ही आजेसासऱ्याची हाय. तुझ्या नवऱ्याची त्याच्या कमरेला हाय."

कारभारी हसला. म्हणाला, काकी, असलं मांडवात कुणी सांगतं का?

"सांग," मी म्हटलं, आणि त्यानं मान हलवेपर्यंत वाट सोडली नाही.